सपाट केलेली कात्री

पद्माला नवऱ्याचा राग येत नसे. राग यावा इतकं त्याला मोजणं तिनं लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं होतं. मोजण्याचं काम नंदकिशोर स्वतःच करी आणि सतत करी. चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्यात तो टूलरूममध्ये इन्स्पेक्टर होता. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम पट्टीवर धरायचं, त्यातली चूक शोधायची आणि लाल खडूनं फुली मारायची. आठ तास तिथं फुल्या मारून भागत नसे म्हणून उरलेल्या तो घरी मारी. पोळी एका बाजूला जाड आहे, भिंतीवरचं कॅलेंडर दोन अंश कललंय, कडी सैल आहे. शेजारच्या चारुलतानं एकदा दिवाळीच्या करंज्या आणून दिल्या, तर त्यानं खिशातली स्टीलची पट्टी काढून मुरडीचं अंतर मोजलं आणि ‘पिच सारखा नाही हो वहिनी’ असं तिला हसत हसत सांगितलं. पुढच्या दिवाळीला करंज्या आल्या नाहीत. का आल्या नाहीत हे काही त्या मोजणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही.

कंपनीच्या कॉलनीतलं त्यांचं क्वार्टर तळमजल्यावर होतं आणि मागं छोटंसं परसू होतं. बाकीचे लोक अशा परसात कढीपत्ता लावत, अळू लावत, फार तर एखादा पेरू. पद्मानं १९७१ साली द्राक्षाची काडी लावली. तिचं माहेर नाशिककडचं, पिंपळगावचं. वडील अर्जुनराव तिथले जुने द्राक्षबागाईतदार. भोकरी द्राक्षाची ती काडी तिच्या आईनं ओल्या गोणपाटात गुंडाळून, लोणच्याच्या बरणीमागं पिशवीत दडवून दिली होती. दडवून द्यावी लागली, कारण अर्जुनरावांना दिसली असती तर त्यांनी ती पिशवीतून काढून घेतली असती.

अर्जुनरावांच्या बागेचा एक नेम होता. न्हाण आलेल्या बाईनं वेलीच्या मांडवाखाली पाऊल टाकायचं नाही. एखादीला कावळा शिवलेला असेल, ती लाजून सांगणार नाही, तिची सावली पडेल आणि वेल बसेल. कुणाकुणाला विचारत बसणार? त्यापेक्षा सरसकट सगळ्याच नकोत. स्वतःच्या बायकोलाही त्यांनी कधी बांध ओलांडू दिला नव्हता. लहान पोरी मात्र चालत. चालत कसल्या, हव्याच असत.

द्राक्षाचे मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की प्रत्येक घडातले बरेचसे मणी कातरून टाकावे लागतात. मग उरलेल्यांना फुगायला जागा होते. याला विरळणी म्हणतात, आणि ती आठ-दहा दिवसांतच उरकावी लागते. नंतर मणी एकमेकांना चिकटतात आणि कात्री आत शिरत नाही. मोठ्या माणसाची जाड बोटंही घडात शिरत नाहीत, पोरींची शिरतात. पद्मा आठ वर्षांची असताना अर्जुनरावांनी स्वतः तिच्या हातात कात्री दिली. चार हंगाम ती स्टुलावर उभी राहून, मान वर करून, ऊन चढेपर्यंत मणी कातरत राहिली. ‘माझ्या पोरीचा हात बघा कसा चालतो,’ असं अर्जुनराव व्यापाऱ्यांना बोलावून दाखवत. पाचव्या हंगामाच्या तोंडावर तिला न्हाण आलं. त्याच आठवड्यात त्यांनी तिच्या हातातली कात्री काढून श्यामच्या हातात दिली. श्याम तिचा धाकटा भाऊ. स्वतःच्या शर्टाची बटणं त्याला तेव्हाही नीट लावता येत नव्हती. त्या साली त्यानं निम्मे घड टोचून नासवले आणि अर्जुनरावांनी दोष हवेला दिला.

त्याला आता अठरा वर्षं होऊन गेली होती. पद्मा तिशीची झाली होती, आणि तिला हवं होतं ते अगदी थोडं होतं. तिच्या वेलीला घड लागावेत, ते नीट तयार व्हावेत, आणि नानांना, म्हणजे अर्जुनरावांना, बोलावून मांडवाखाली उभं करावं. बाईच्या हाताखाली वेल बसते की फळते ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि तोंडानं कबूल करावं. वडिलांकडून तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर मिळालं असतं असंही नाही.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात तिनं वेल छाटली. जाड काड्या छाटायची कात्री कंपनीच्या माळ्याकडून दोन दिवस मागून आणली. विरळणीची कात्री मात्र मागून आणून चालत नाही, ती आपल्या बोटांची असावी लागते. चारुलताला सोबत घेऊन ती पुण्याला रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेली, एकदा नव्हे तर तीन वेळा.

पहिल्या दुकानदारानं ‘बागेची कात्री’ म्हटल्याबरोबर कुंपण छाटायची हातभर लांब कात्री काढून दिली. पद्मानं ती हातातही घेतली नाही. दुसऱ्यानं शिंप्याची दाखवली, तिसऱ्यानं पितळी मुठीची, फुलं कोरलेली, काचेच्या कपाटात शोभणारी.

“ही घ्या बाई, परदेशी आहे. साहेब लोक गुलाबाला हीच नेतात,” तो म्हणाला.

“मग साहेबांनाच द्या,” पद्मा म्हणाली.

चारुलताला ती फुलांची कात्री फार आवडली होती. चारुलताला जे काही चकाके ते आवडे. नवराही तिनं तसाच बघून केला होता, असं पद्माचं मत होतं.

पद्मा कात्री बघे ती अशी. आधी मिटून उजेडाकडे धरायची. टोकाशी आणि खिळ्याशी पाती टेकलेली हवीत, मधे मात्र उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. नाही दिसली तर कात्री खाली ठेवायची. मग एक पातं उभं धरून दुसरं सोडून द्यायचं. ते धप्पकन मिटलं तर खिळा सैल, जागचं हललंच नाही तर खिळा घट्ट. अर्ध्यावर येऊन आपसूक थांबलं तर ठीक. शेवटी पर्समधून ओल्या मलमलीची चिंधी काढायची आणि फक्त टोकानं कातरायची. चिंधी ओढली गेली, पात्यांत दुमडली, की संपलं. दुकानदार हे सगळं बघत, एकमेकांना खुणावत आणि हसत. आयुष्यभर कात्र्या विकून त्यांतल्या एकालाही कात्री बघता येत नव्हती, याचं तिला नवल वाटलं नाही. विकणाऱ्याला वस्तू कळत नाही हे तिनं बापाच्या दलालांकडे बघून लहानपणीच ओळखलं होतं.

तिसऱ्या खेपेला एका बोळातल्या दुकानात, वस्तऱ्यांच्या आणि कंगव्यांच्या ताटात, तिला हवी ती सापडली. मेरठची, लांब आणि सडपातळ पात्यांची, हातात धरली तर आहे की नाही कळू नये इतकी हलकी.

“बाई, ती न्हाव्याची आहे,” दुकानदार म्हणाला.

“केस कातरते ना? देठही कातरेल.”

न्हाव्याची कात्री घरात आणली म्हणून चारुलता बसमध्ये गप्प बसून राहिली. कॉलनीत उतरल्यावर मात्र तिनं चार घरांत जाऊन सांगितलं.

घरी आल्यावर पद्मानं दोन्ही टोकं सहाणेवर पाणी टाकून घासली आणि बोथट गोल केली. टोकदार कात्री शेजारच्या मण्याला टोचते, टोचलेला मणी सडतो आणि सडका मणी सगळा घड घेऊन जातो. कात्रीला तिनं जुन्या फ्लॅनेलचा तुकडा दिला आणि बिस्किटांचा रिकामा डबा दिला. काम झालं की कोमट पाण्याच्या फडक्यानं पात्यांवरचा चीक पुसायचा, कोरडं करायचं, खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नाही, ते थंडीत थिजतं. या कात्रीनं कागद कापायचा नाही, दोरा नाही, वात नाही. चारुलता एकदा पुठ्ठा कापायला मागायला आली तेव्हा पद्मानं तिला विळी दिली.

नोव्हेंबर संपता संपता वेलीवर एकोणीस घड दिसू लागले. मणी अजून मोहरीएवढे होते. पद्मा रोज सकाळी जाऊन बघे. तिनं पिंपळगावला पत्र टाकलं, ‘फेब्रुवारीत या, द्राक्षं तयार होतील.’ आईच्या अक्षरात उत्तर आलं की नाना हसले, पण बघू म्हणाले.

आणि मग एका संध्याकाळी नंदकिशोरनं तो बिस्किटांचा डबा उघडला. त्याला बिस्किटं हवी होती. बिस्किटांऐवजी कात्री निघाली, तेव्हा त्यानं ती साहजिकच दिव्यासमोर धरली.

“पद्मा, तुला फसवलंय,” तो आतल्या खोलीतून आनंदानं ओरडला. कुणी फसलं की त्याला बरं वाटे. “पाती वाकडी आहेत. मधे गॅप बघ! अर्धा मिलिमीटर तरी असेल.”

“ती तशीच असतात. हात लावू नका तिला.”

“तशीच असतात म्हणजे? अगं, दोन सरफेस एकमेकांवर बसायचे तर फ्लॅट नकोत?”

“नकोत.”

नंदकिशोर हसला. कंपनीत शिकाऊ पोरांनी वेडंवाकडं उत्तर दिलं की तो जसा हसे तसाच. पद्मा भाकरी थापत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही, आणि तेवढं एक तिचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात गेली तर मणी ज्वारीएवढे झाले होते. तिनं स्टूल आणलं, डबा उघडला. आत नुसता फ्लॅनेलचा तुकडा होता.

संध्याकाळी नंदकिशोर जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून कात्री घेऊन आला. तेलकट कागदात गुंडाळलेली, आरशासारखी लखलखीत. चेहऱ्यावर दिवाळीचा बोनस मिळाल्याचा आनंद.

“सरफेस ग्राइंडरवर घेतली. जेवणाच्या सुट्टीत स्वतः उभा राहून करवून घेतली,” तो म्हणाला. “मार्किंग ब्लूचा निळा रंग लावून चेक केलं. टोकापासून खिळ्यापर्यंत फुल कॉन्टॅक्ट. अशी कात्री बोहरी आळीत कुणी देईल तुला?”

पद्मानं ती मिटून दिव्याकडे धरली. उजेडाची रेघ कुठंच नव्हती. तिनं एकदा उघडझाप केली. आधी तिचा बारीक, कोरडा आवाज येत असे, आता सगळं पातं सगळ्या पात्यावर घासत फरफटत गेलं.

तरीही तिनं सकाळी करून बघितलं. न बघून सांगते कुणाला? पहिलाच देठ पात्यांच्या मधे आडवा पडला आणि चघळला गेला. दुसरा ठेचला गेला. तिसऱ्याला तिनं जोर लावला तर मण्यांसकट देठाचा लचका निघून आला. दोन घड तिनं असे खराब केले आणि थांबली. इतकी संतापली तरी ती रडली मात्र नाही, कारण रडताना नवऱ्यानं बघितलं असतं तर त्यानं आपल्याला माफ केलंय असा त्याचा समज झाला असता.

“कात्री चालत नाही,” तिनं त्याला सांगितलं.

नंदकिशोरनं कात्री घेतली, पट्टी लावली, डोळा बारीक केला. “कात्री करेक्ट आहे,” तो म्हणाला. “तुझा हात चुकतोय. तू अँगल बघ जरा.”

‘तुझा हात चुकतोय.’ बारा वर्षांच्या पोरीला अर्जुनरावांनीही एवढं म्हटलं नव्हतं. त्यांनी तिला विटाळाची म्हणून हाकललं होतं, हाताला नाव ठेवलं नव्हतं. नवऱ्याकडे बघताना पद्माला वाटलं, या माणसापेक्षा आपला बाप बरा. असं कधी वाटेल याची तिनं कल्पनाही केली नव्हती.

आठ दिवसांतले दोन गेले होते. तिनं चारुलताची शिवणाची कात्री मागून बघितली. ती जाड होती आणि टोकदार, घडात शिरेचना. बोहरी आळीतल्या त्या ताटात तशी एकच होती, दुसरी शोधायची तर परत तीन खेपा. शेवटी तिनं डोकं चालवलं. कात्री न्हाव्याची आहे तर न्हाव्यालाच विचारावं. कॉलनीच्या फाटकाशी झाडाखाली खुर्ची टाकून एक न्हावी बसे. भर सकाळी, दोन गालांना साबण लावलेले अकाउंट्सचे साहेब खुर्चीत असताना, पद्मा पदर खोचून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. साहेबांनी साबणाच्या आतून डोळे वटारले.

“तुमच्या कात्र्या कोण लावून देतं?” तिनं विचारलं.

“दापोडीचा ज्योतीराम,” न्हावी म्हणाला. “ठेसनाच्या भाईर बसतो. दुसरा कुणी न्हाई.”

ज्योतीराम दापोडी स्टेशनाबाहेर पायानं फिरवायचं चाक घेऊन बसला होता. साठीचा, काटकुळा, एका डोळ्यानं जरा तिरळा. त्यानं कात्री हातात घेतली, एकदा उघडली, मिटली आणि तोंड वाकडं केलं.

“कंच्या शान्यानं घासली ही?”

“आमच्या घरातल्यांनीच.”

“कंपनीत हायेत का?”

“व्हय,” पद्मा म्हणाली. नकळत त्याच्याच बोलीत.

“वाटलंच मला. म्हैन्याला दोन-तीन येत्यात अशा.” ज्योतीरामनं बाजूला थुंकून घेतलं. “मशिनीवर धरायची, आरशावानी सपाट करायची, आन् मग हितं येऊन म्हनायचं, ज्योतीराम, कात्री चालंना. चालंल कशी? समदं पातं समद्या पात्याला घासतंय. दोन पाती एका टायमाला एकाच जागी भेटली पायजेत, आन् भेटत भेटत टोकाकडं सरकली पायजेत. म्हून तर बाक द्यायचा आसतो. ही कात्री न्हाई बाई, ह्यो चिमटा हाय. निखारं उचलाय घ्या.”

पद्माला इतकं हसू आलं की स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं बघायला लागली. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती. आपल्या मनातलं कुणीतरी परक्यानं इतक्या नेमक्या शब्दांत बोलून दाखवावं, याचं सुख तिला लग्नानंतर क्वचितच मिळालं होतं.

“बाक परत देता येईल?”

“दिऊ की. पन पोलाद चिडकं आसतंय. मोडलं तर माज्याकडं बोट दावायचं न्हाई.”

मोडली तर हंगाम गेला आणि नाना येऊन बघणार काय, सडके घड? पण न मोडता तशीच परत नेली तरी तेच होणार होतं. “द्या,” ती म्हणाली.

ज्योतीरामनं खिळा काढून पाती सुटी केली. बाभळीच्या ओंडक्यावर एक पातं पालथं ठेवलं आणि छोट्या हातोडीनं टिचक्या मारल्यासारखे ठोके घातले. मधेच पातं उचलून, चांगला डोळा लावून, आभाळाकडे बघायचं आणि पुन्हा ठोकायचं. ना पट्टी, ना निळा रंग. पद्मा शेजारी उकिडवी बसून बघत होती. दुसऱ्या पात्यावर एक ठोका जरा मोठा वाजला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा ज्योतीराम चाकावर धार लावत होता.

“धार कायम भाईरच्या अंगानं,” तो म्हणाला. “आतल्या अंगाला कदी दगड लावायचा न्हाई. मशीन तर न्हाईच न्हाई. तुमच्या मान्सानं जीव काढलाय हिचा, तरी दोन-चार हंगाम काढंल.”

मिटलेली कात्री त्यानं तिच्या हातात दिली. पद्मानं ती आभाळाकडे धरली. पात्यांमधे केसाएवढा उजेड दिसत होता.

त्या संध्याकाळी नंदकिशोरनं कात्रीवर पट्टी ठेवली आणि कपाळावर हात मारून घेतला. “अर्धा मिलिमीटर आउट! हे कुणी केलं?”

“दापोडीच्या ज्योतीरामनं.”

“कशावर?”

“लाकडावर. डोळ्यानं.”

“डोळ्यानं!” नंदकिशोर किंचाळलाच. “पद्मा, तुला कळतंय का तू काय बोलतेस?”

“मला कळतंय. पुन्हा ही कात्री तुमच्या पिशवीत गेली ना, तर डब्यात भाजीऐवजी तुमची पट्टी चिरून देईन.”

उरलेल्या चार दिवसांत तिनं सतरा घड विरळले. खराब झालेले दोन तिनं काढून टाकले. सकाळी दव वाळलं की स्टुलावर चढे ते नंदकिशोर कंपनीत गेला तरी उतरत नसे. घरात धुण्याचा ढीग पडला, दोनदा आमटी करपली, नंदकिशोरनं करपलेल्या आमटीबद्दल दोन्ही वेळा टिप्पणी केली. पद्माच्या कानांपर्यंत ती पोचली नाही. वर बघून बघून मान आखडली होती, डोळ्यांत कचरा पडत होता, आणि बोटांना सगळं आठवत होतं. कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा, घडाचे खांदे किती मोकळे करायचे. अठरा वर्षं तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी बोटं विसरली नव्हती.

महिन्याभरात नंदकिशोर शेजाऱ्यांना ‘फंक्शनल क्लिअरन्स’ समजावून सांगायला लागला. कात्रीच्या दोन पात्यांत मुद्दाम गॅप ठेवावा लागतो, साध्या माणसाला ते कळत नाही, असं तो म्हणे. ते ऐकून पद्मानं फक्त दार लावून घेतलं.

अर्जुनराव आले ते फेब्रुवारीच्या अखेरीला. पुण्यात दलालाकडे काम होतं, तेवढ्यात चिंचवडला डोकावून जावं अशा बेतानं. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. चहा नको म्हणाले आणि सुट्टीवर घरी असलेल्या नंदकिशोरला सोबत घेऊन सरळ परसात निघाले. मांडवाशी पोचल्यावर जुन्या सवयीनं मागं न बघताच हात आडवा केला.

“तू थांब बाहेर. आम्ही बघतो.”

पद्मा कात्री आणि ताट घेऊन त्यांच्या हाताखालून आत गेली. अर्जुनरावांच्या कपाळाला आठी पडली, पण तोवर त्यांची नजर वर गेली होती.

घड लांबट, भरलेले आणि पिवळसर हिरवे झाले होते. अर्जुनरावांनी एका घडाखाली तळहात धरला, न टेकवता. मग करंगळी मण्यांच्या मधून आत घातली. ती कुठंही न अडकता देठापर्यंत गेली. दुसरा घड. तिसरा. सतराच्या सतरा घड त्यांनी असेच बघितले. पद्मानं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“काय विरळणी केली आहे!” अर्जुनराव शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. आणि ते वळले नंदकिशोरकडे. “जावईबापू, हात आहे तुमचा. मानलं.”

पद्मानं नवऱ्याकडे बघितलं. आता हा बोलेल. इतका काही हा खालचा नाही.

“तसं विशेष काही नाही, नाना,” नंदकिशोर म्हणाला, आणि बक्षीस घेणाऱ्या पोरासारखा लाजला. “शेवटी सगळं क्लिअरन्सवर असतं. कात्री मी कंपनीतून सेट करून आणली.”

पद्माला त्याची इतकी शिसारी आली की बापाच्या शब्दासाठी आपण इथं उभ्या आहोत हे ती क्षणभर विसरली. तिनं एक घड देठाला धरला, मण्यांवरच्या पांढुरक्या भुकटीला बोट न लावता कातरला आणि ताटात ठेवून अर्जुनरावांपुढं केला. त्यांनी एक मणी तोडून तोंडात टाकला. डोळे मिटले.

“अहाहा! पिंपळगावातसुद्धा अशी गोडी नाही राहिली आता,” ते म्हणाले. “वेलीला पुरुषाचा हात लागला की असं होतं बघा.”

“नाना,” पद्मा म्हणाली, “यांनी एक मणीही कातरलेला नाही. यांनी कात्री बिघडवली होती. ती दापोडीला एका धारवाल्यानं नीट करून दिली. वेल मी लावली, छाटली मी, विरळली मी.”

नंदकिशोर पाण्याच्या टाकीकडे बघायला लागला. अर्जुनराव तिच्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांच्या मिशीखाली हसू पसरलं.

“असं होय! तरी म्हटलं, हा हात ओळखीचा वाटतोय. मुलगी कुणाची! लहानपणी शिकवलं कुणी?” त्यांनी दुसरा मणी तोंडात टाकला. “लहान होतीस तेव्हाचं वळण ते. वाया नाही गेलं.”

म्हणजे तेही त्यांचंच. वेल जावयाची, हात बापाचा. पद्माला वाटलं होतं तिला राग येईल, दुःख होईल, निदान रडू फुटेल. काहीच झालं नाही. समोर टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता आणि त्याच्या तोंडून चांगला शब्द निघावा म्हणून आपण तीन वर्षं राबलो, याची तिला लाज वाटली.

“लहानपणचं राहू द्या, नाना,” ती म्हणाली. “आज माझा दुसरा दिवस आहे.”

अर्जुनरावांचा जबडा थांबला. नंदकिशोर कानापर्यंत लाल झाला. अर्जुनरावांनी आधी वर वेलीकडे बघितलं, मग खाली, जिथं दुपारच्या उन्हात पद्माची सावली वेलीच्या बुंध्यावर पडली होती तिथं. मग त्यांची नजर थुंकायला जागा शोधत भिरभिरली.

“मोरी तिकडं आहे,” पद्मा म्हणाली. “थुंकायचं तर खुशाल थुंका.”

ती वाट बघत उभी राहिली. अठरा वर्षं ती त्या नेमापायी बांधावर उभी राहिली होती, तिची आई तर आयुष्यभर. थुंकले असते तर निदान नेम तरी खरा होता असं तिला म्हणता आलं असतं. अर्जुनरावांनी हळूच, तोंड न उघडता, मणी चावला. गिळला. दोन बिया तळहातावर काढल्या, त्या मुठीत धरल्या, आणि तिच्याकडे न बघता ताटातल्या घडाचा तिसरा मणी तोडला.